चुंबकवाल्यांचा सुळसुळाट

काय चाललंय काय जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये? भल्या घरची, पेन्शनवर सुखी असलेली माणसं खिशात चुंबक घालून फिरतायत! सायकल दिसली रे दिसली की इकडेतिकडे बघायचं, हळूच चुंबक काढायचं आणि दांडीला टेकवायचं. चिकटलं की चेहरा असा खुलतो, जणू नातू झाला. नाही चिकटलं तर ‘हॅट्, ॲल्युमिनियम!’ म्हणत नाक मुरडून पुढे. परक्याच्या सायकलीशी ही लगट शोभते का या वयात?

खूळ सायकलला विजेची मोटर बसवण्याचं आहे. मोटर, कंट्रोलर, बॅटरी काय, पैसे टाकले की घरपोच. त्यात कसली आलीय मर्दुमकी? मर्दुमकी आहे ती फ्रेम शोधण्यात! 2022 च्या फेब्रुवारीत साध्या सायकलला जोडायच्या गुरसौरभ सिंग यांच्या यंत्राचं उद्योगपती आनंद महिंद्रांनी जाहीर कौतुक केलं आणि देशभरातल्या हौशी हातांना खाज सुटली. आणि यात नवं ते काय? अमेरिकेत ऑग्डेन बोल्टननं मागच्या चाकात मोटर आणि दांडीखाली बॅटरी असलेल्या सायकलचं पेटंट घेतलं 31 डिसेंबर 1895 ला! तिकडे सव्वाशे वर्षांपूर्वी ठरून गेलेल्या गोष्टीवर आपल्याकडे अजून चहाचे कप रिते होतायत.

त्यातून हे गाव कसलं, तर कारखान्यांचं. ज्यांनी व्हेइकल फॅक्टरीत जन्मभर शक्तिमान ट्रक जोडले, त्यांना सायकलच्या खाचेवरून गप्प कोण बसवणार? मोटरचा आस दोन बाजूंनी चपटा तासलेला, तिथे जाडी 10 मिलिमीटर. जुन्या सायकलच्या पुढच्या चिमट्याची खाच त्याहून अरुंद. मग अंगणात वर्तमानपत्र पसरून काका कानस घेऊन बसतात. दोन घास, मोज. दोन घास, मोज. घरातला बल्ब बदलायला ज्यांना तीन आठवडे लागतात, तेच हे काका बरं का! काकू आतून विचारतात, ‘अहो, जेवताय ना?’ उत्तर येतं, ‘अजून पाव मिलिमीटर!’

मागच्या चाकाची कथा तर विचारूच नका. मोटरच्या चाकाला दोन पायांमध्ये साधारण 135 मिलिमीटर जागा हवी. जुन्या काळ्या सायकलकडे ती कुठली? पण फ्रेम पोलादी असली की मिस्त्री गुडघा लावून तिला फाकवतो आणि वर ऐकवतो, ‘साहब, पुराना लोहा है, मान जाता है.’ ॲल्युमिनियमच्या बाबतीत हा आगाऊपणा केला की तडा गेलाच म्हणून समजा. शिवाय मोटर जोर लावते तेव्हा तिचा आस उलटा फिरायला बघतो आणि खाचेचा जबडा उघडतो. त्याला आवरायला टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी लागते. ही पट्टी न लावणाऱ्याला सध्या कुणी घरात घेत नाही.

आणि त्या गिअरवाल्या, दोन्हीकडे शॉकअप असलेल्या महागड्या सायकली? काय तोरा होता त्यांचा! आता त्यांना कुत्रं विचारत नाही. दांडीखालच्या त्रिकोणात स्प्रिंग बसलीय, बॅटरी काय डोक्यावर ठेवायची? लेडीज सायकलला तर त्रिकोणच नाही. तरी एका काकूंनी हट्टानं बॅटरी कॅरिअरवर चढवली. जिन्यातून सायकल उचलली की शेपूट जड आणि पुढचं चाक थेट आकाशाकडे. पण काकू मागे हटतील तर शपथ! डुमना रोडचा चढ त्या हसत चढतात आणि पायडल मारून घामाघूम झालेल्या तरुणांना ‘येते हं!’ म्हणून पुढे निघून जातात. लाज, लाज म्हणून काही?

कायद्याचं नाव काढायची सोय नाही. 250 वॉट आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत राहिलं तर ना लायसन्स, ना नोंदणी. पण इतकं सोपं असेल तर आपण ऐकणार थोडेच? मोटर दुप्पट ताकदीची आणायची आणि ब्रेक मात्र तेच, आजोबांच्या काळातले सळईचे, पावसात नुसती विनवणी करणारे! हायकोर्टाच्या सावलीत राहणारी, कलमं तोंडपाठ असलेली मंडळीही वॉटचा विषय निघाला की हवापाण्यावर बोलायला लागतात. (मोटर नंतर आणा हो, आधी ब्रेक बघा. पण ब्रेकवर कुणी गप्पा रंगवत नाही, हेच तर दुखणं आहे.)

भंगारवाल्यांचं मात्र फावलंय. ॲटलस सायकलचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला 3 जून 2020 ला, तोही नेमका जागतिक सायकल दिनी. तेव्हा दोन मिनिटं हळहळून आपण विसरून गेलो होतो. आता कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या माळ्यावर जुनी ॲटलस गंजत पडलीय, याच्या बातम्या लग्नमांडवात कुजबुजल्या जातात. गंज वरवरचा आहे की जोडाला पोचलाय, एवढंच विचारायचं. रंग कोण बघतो?

शी, काय हा पोरकटपणा! आपण नाही बाई त्यातले. ते जिन्याखाली पोत्यानं झाकलंय ना, ते असंच पडलंय. बावीस इंची, पोलादी, दांडी सरळ, खाच शाबूत. कुणाला बोलू नका, भाव वाढतील.