हे बोर्ड कोन केलंय?

उमरग्यात ऊन कमी पडलं अशी तक्रार आजवर कुणी केलेली नाही. चौरस्त्यावर एसटीतून उतरलेला पाहुणा पहिलं वाक्य उन्हाबद्दल बोलतो आणि दुसऱ्यात रसवंती कुठाय ते विचारतो. त्यामुळे ‘पीएम सूर्यघर’ योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे हे कळल्यावर आमच्या घरात उन्हाकडे पहिल्यांदाच कौतुकानं बघितलं गेलं. इतकी वर्षं ज्याला शिव्या घातल्या, तो एकदम सोयरा निघाला.

छताची चिंता नव्हती. 1993 च्या भूकंपानंतर अण्णांनी माळवद उतरवून स्लॅब टाकला, तो इतकं सिमेंट घालून की भिंतीत खिळा मारायला आजही शेजाऱ्याचा ड्रिल आणावा लागतो. वायरमन आला, गच्चीवर दोन मिनिटं फिरला, खाली उतरला आणि म्हणाला, “बोर्ड दावा.”

बोर्ड दारामागं, कॅलेंडरच्या खाली. मी कॅलेंडर वर उचललं. दुसऱ्या डॉक्टरनं घातलेले टाके बघताना डॉक्टरचा चेहरा होतो, तसा त्याचा झाला.

“सर, हे बोर्ड कोन केलंय?”

आता काय सांगणार? ते कुणी केलं नव्हतं, वाढलं होतं. सुरुवातीला एक लाकडी फळी, दोन किटकॅट, चार बल्ब आणि एक पंखा. मग टीव्ही आला, फ्रिज आला, बोअरची मोटर आली, कूलर आला, गीझर आला. घरात नवी सून आली की कुणाकुणाच्या पाया पडायचं ते तिला सांगितलं जातं. उपकरणांना ती शिस्त नव्हती. जो आला त्यानं हाताला लागेल तिथून वायर ओढली.

फ्यूजचं खातं अण्णांकडे. फ्यूज उडाला की ते तारेचा एक पेड वाढवायचे. एकाचे दोन झाले, दोनाचे चार. शेवटी तिथं जे बसलं त्याला तार म्हणण्यापेक्षा दावं म्हणणं बरं. “दहा वर्षं झाली, फ्यूज गेला न्हाई,” अण्णांनी अभिमानानं सांगितलं.

“फ्यूज जायनाच म्हनल्यावर वायर जाती, अण्णा,” वायरमन म्हणाला.

मी शाळेत गणित शिकवतो. हिशेब करूनच बसलो होतो. 3 किलोवॅटला 230 व्होल्टनं भागलं की साधारण 13 अँपिअर येतात. गीझर आणि इस्त्री एकदम लावली तर आपण तेवढेच ओढतो. शिवाय सोलरची वायर या फळीवर येतच नाही, तिचा ब्रेकर वेगळ्या डबीत बसतो आणि ती मीटरजवळ जोडतात. मंजूर भार कमी पडला, तरी 2024 च्या नियमाप्रमाणे 10 किलोवॅटपर्यंत वीज कंपनीच तो वाढवून देते. मग बोर्ड बदलायचं कशाला?

वायरमननं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “सोलरसाठी नका बदलू,” म्हणाला. “तुमच्यासाठी बदला.”

मग त्यानं टेस्टर फ्रिजच्या दाराला लावला. टेस्टर पेटला. आमच्याकडे फ्रिज उघडताना चप्पल घालायची पद्धत आहे. स्वयंपाकघरात चपला बघून पाहुणे नाकं मुरडायचे, आणि आम्ही कारण सांगत नव्हतो. गळका करंट 30 मिलिअँपिअरच्या आत पकडून लाइन तोडणारा स्विच मिळतो, हे ऐकून बायकोनं माझ्याकडे असं बघितलं, जणू तो स्विच मी इतकी वर्षं लपवून ठेवला होता.

अर्थिंगची कथा त्याहून मोठी. जुनी अर्थिंगची वायर नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली होती. मध्यंतरी पाइप प्लॅस्टिकचा झाला, हे अर्थिंगला कुणी कळवलं नव्हतं. आता अंगणात तीन खड्डे झाले. एक पॅनलचा, एक इन्व्हर्टरच्या बाजूचा, एक आकाशातल्या विजेचा. उन्हाळ्यात त्यांना पाणी घाला, असंही तो सांगून गेला. ज्या गावात टँकरच्या आवाजानं जाग येते, तिथं करंटला पाणी पाजायचं! अण्णांनी तुळशीच्या तांब्यातलं उरलेलं त्या कामाला लावलं.

फळी उतरली, ब्रेकरचा पांढरा डबा बसला, उलटं-सुलटं मोजणारं नेट मीटर बसलं. मे महिन्यातल्या एका दुपारी, बारा वाजता, गच्चीवर सूर्य ओतत असताना पंखे थांबले.

“वर ऊन हाय की!” अण्णा ओरडले.

गावची लाइन गेली की बॅटरी नसलेलं सोलरही थांबतं, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपला करंट मागून बसेल. मी हे त्यांना फळ्यावर आकृती काढावी तसं समजावलं. अण्णांनी ऐकलं, उठले, कपाटातून तारेचं रीळ काढलं आणि नव्या डब्यासमोर उभे राहून किटकॅट शोधू लागले.

“अण्णा, आता फ्यूज नसतो.”

“मंग बसव की एक,” अण्णा म्हणाले.