मेड इन यूएसए

ट्रकचा यंत्रमानव होणाऱ्या ऑप्टिमस प्राइम या खेळण्याच्या आवृत्त्या अनेक. 1984 साली हॅस्ब्रोने तो अमेरिकेत आणला. साचा मात्र ताकारा या जपानी कंपनीच्या ‘डायाक्लोन’ खेळण्याचा. त्याची कंबर फिरत नाही आणि मुठी वेगळ्या लावाव्या लागतात. सोफ्याखाली आधी त्याच जातात. 2003 च्या ‘मास्टरपीस’ आवृत्तीची बोटेसुद्धा हलतात; 2011 मध्ये ती अधिक आटोपशीर करून पुन्हा घडवली.

आणखी एक जात, नकलांची, उल्हासनगरच्या गल्ल्यांत भेटते. ‘मेड इन यूएसए’मधले ‘यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जुना विनोद तिला चपखल बसतो: साचा जपानी, नाव अमेरिकी आणि खोक्यावरचे स्पेलिंग तिसऱ्याच मुलुखाचे. सांधे चित्रात भरपूर, हातात मोजकेच. गुडघा वाकतो, पण पुन्हा सरळ होईलच असे नाही. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या जत्रेत हाच वीर प्लास्टिकच्या पिशवीत लटकतो. शेजारच्या शिवमंदिरातले, 1060 च्या सुमाराचे दगडी हातपाय झिजले तरी जागेवर आहेत. याचा एक हात बदलापूर लोकलच्या गर्दीतच निखळतो. घरी पोचल्यावर फेविक्विक लागते. त्यानंतर तो कायमचा ट्रक.