पंख्याखालचा प्रेक्षक

आमच्या हॉलमधला पंखा अलीकडे ताल धरतो. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्याच्या दांड्यात पहिली थरथर येते, सव्वासहाला छताच्या कडीत खळ्ळ-खळ्ळ सुरू होतं आणि साडेसहाच्या सुमारास चहात चुना पडतो. म्हणून मी कपावर बशी झाकतो. बशी झाकलेला चहा प्यायचा कसा, हे मात्र डोंबिवलीतल्या तेहतीस वर्षांत मला कोणी शिकवलेलं नाही.

आमच्या डोक्यावर, चारशे दोनमध्ये, साडेसात वर्षांची एक मुलगी राहते. ती टीव्हीवर जाणार आहे. हे मला तिच्या आईने लिफ्टमध्ये सांगितलं. पूर्वी लोक ज्या सुरात ‘अमेरिकेला जाणार आहे’ म्हणायचे, त्याच सुरात. मुलगी त्या वेळी लिफ्टच्या आरशावर वाफ सोडून बोटाने मांजर काढत होती. मिशा छान जमल्या होत्या. त्यावर कोणी काही बोललं नाही.

लिफ्टचा विषय निघालाच आहे तर सांगतो, तिथे कायम चमकी असते. ड्रेसची चमकी, केसांतली चमकी, आणखी कुठलीशी चमकी. ती झाडून जात नाही, धुऊन जात नाही. मध्यंतरी एका स्नेह्यांच्या दहाव्याला मी टकलावर निळी चमकी घेऊन तासभर बसलो होतो. गुरुजींनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, माझ्या चेहऱ्यावरचं दुःख त्यांना भिडलं असावं.

वरच्या मजल्यावरचं हे नाचाचं प्रकरण संपणार कधी, याचा अंदाज यावा म्हणून मी टीव्हीवरचे नाचाचे कार्यक्रम पाहायला लागलो. बँकेत बत्तीस वर्षं काढल्यामुळे थकबाकीदाराची सगळी कागदपत्रं वाचून काढायची सवय आहे. 1996 साली सोनीवर ‘बूगी वूगी’ सुरू झालं तेव्हा ते मी पाहिलेलं होतं. जावेद जाफरी, नावेद जाफरी आणि रवी बहल बसलेले असत. कोणी येई, नाचे, हे तिघे हसत, टाळ्या होत, माणूस घरी जाई. त्याचे वडील काय करतात, घर गळतं का, शेवटचं पोटभर कधी जेवला होतास, असलं काही त्याला विचारत नसत. मग झी मराठीवर ‘एका पेक्षा एक’ आलं आणि सचिन पिळगांवकर महागुरू झाले. हिंदीत 2010 साली ‘डीआयडी लिटल मास्टर्स’ आणि 2016 साली ‘सुपर डान्सर’ आलं. या शेवटच्या कार्यक्रमाची वयाची अट चार ते तेरा. चार! मी चार वर्षांचा असताना मला सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती. आज ते वय मेगा ऑडिशनचं आहे.

एका रविवारी मी घड्याळ लावून बसलो. एका मुलीचा नाच दोन मिनिटं दहा सेकंद चालला. त्याच्या आधीची आणि नंतरची रडारड मिळून अकरा मिनिटं झाली. त्या दोन मिनिटं दहा सेकंदांतही कॅमेरा सात वेळा प्रेक्षकांत बसलेल्या तिच्या आईकडे गेला. मूल हवेत असतं, नेमकं तेव्हा आई दिसते. मूल जमिनीवर कसं आलं हे कळत नाही. आईने श्वास सोडला यावरून नीट आलं असावं असं समजायचं. आणि त्या आईकडे नीट पाहिलंत, तर तिचे खांदे मुलीच्या अर्धी मात्रा आधी हलत असतात. माझी आई हेच करायची. गणेशोत्सवात मी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणत होतो आणि ती विंगेत उभी राहून माझ्या आधी ओठ हलवत होती. बक्षीस म्हणून स्टीलची वाटी मिळाली. ती वाटी तिने शेवटपर्यंत वापरली. पण तिच्या ओठांचा क्लोज-अप कोणी घेतला नाही.

परीक्षकांबद्दलही माझं म्हणणं आहे. आमच्या वेळी परीक्षक गुण द्यायचे. आता ते मुलाला वाकून नमस्कार करतात, उभे राहतात, मिठ्या मारतात, टेबलावर चढतात. कुठे ‘तकदीर की टोपी’ मिळते, कुठे शिल्पा शेट्टी ‘सुपर से भी ऊपर’ म्हणतात. एकाच भागात चार मुलं सुपरच्याही वर गेलेली मी पाहिली. बँकेत आम्ही चौघांना एकाच वेळी ‘असाधारण’ शेरा दिला असता, तर प्रादेशिक कार्यालयातून खुलासा मागवला असता. गीता कपूर यांना तर सगळे ‘गीता माँ’ म्हणतात. म्हणजे एक आई खाली रडतेय, एक आई वर बसून रडतेय, आणि मधलं मूल पाण्याची बाटली शोधतंय.

असो. नोव्हेंबरात एका रविवारी सकाळी चारशे दोनच्या बाई घरी आल्या. चेहरा उतरलेला होता.

“काका, तुमच्याकडे काही संघर्ष आहे का?”

मी कणीक आहे का विचारल्यासारखं आत पाहिलं. मग खुलासा झाला. ऑडिशनच्या फॉर्ममध्ये मुलीच्या ‘प्रवासा’बद्दल लिहायचं होतं, आणि या घरात प्रवास करण्याजोगं काहीच घडलेलं नव्हतं. नवरा कंपनीत. टू बीएचके, कर्ज वेळेवर फिटतंय. सासू प्रेमळ. मुलीला साधा दमाही नाही. बाईंनी हे सगळं ज्या खिन्नपणे सांगितलं, त्यावरून नवऱ्याने वेळच्या वेळी हप्ते भरून या मुलीचं केवढं नुकसान केलंय, हे मला पहिल्यांदा कळलं.

मी सुचवलं, डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडणं हाच संघर्ष धरा. त्यांना पटलं, पण पुरेना. सोबत पाठवायच्या व्हिडिओत माणसं हवीत, म्हणाल्या. “म्हणजे बघा काका, एक शेजारी आहेत. त्यांचा आधी फार विरोध असतो. मुलगी नाचते म्हणून ते त्रास देतात. आणि मग एक दिवस ते तिचा नाच बघतात आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.”

“हे शेजारी कोण?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हिनेही स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे पाहिलं. “अहो, तुम्हाला निम्मं तर येतंच,” ही म्हणाली.

चित्रीकरण त्याच दुपारी आमच्या बाल्कनीत, त्यांच्या भाच्याच्या मोबाइलवर झालं. विरोध मला उत्तम जमला. पहिल्याच टेकमध्ये, न सांगता, मी पंखा, चुना, बशी आणि चमकी असे चार मुद्दे मांडले. भाचा म्हणाला, “काका, एवढं खरं नको.” पण अश्रू काही येईनात. त्यांना माझा विरोध मावळलेला हवा होता आणि माझा विरोध मावळण्याच्या मनःस्थितीत नव्हता. शेवटी कांदा आणला. कांदा हिने चिरला, फार उत्साहाने. त्या व्हिडिओत मी एका मुलीला टाळ्या वाजवताना दिसतो. वास्तविक समोर कोणी नव्हतं. मुलगी आत आमच्या टीपॉयवर बसून खडूने मांजर काढत होती.

मग मी कायद्याकडे वळलो. बालकामगारांबाबतच्या नियमांमध्ये 2017 साली दुरुस्ती झाली, ती वाचून काढली. टीव्हीच्या कामात मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के वाटा त्याच्या नावाने मुदत ठेवीत ठेवायचा. हे शेवटचं कलम वाचून मला भरून आलं. कांदा लागला नाही. पण हे सगळं सेटवरचं. चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, सोफा भिंतीला सरकवून, आईने किती तास घ्यायचे, यावर कायदा मौन बाळगतो. खालच्या मजल्याचा तर उल्लेखच नाही.

जून 2019 मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना एक सूचनापत्र पाठवलं होतं. सिनेमात मोठ्यांनी केलेल्या, मुलांच्या वयाला न शोभणाऱ्या हालचाली लहान मुलांकडून करून घेऊन दाखवू नका, असा त्याचा आशय. हे मी बाईंना सांगितलं, कारण मुलगी तेव्हा लावणी बसवत होती. नऊवारी शिवून झाली होती, कंबरपट्टा दादरहून आला होता. “काका, भाव नाही दाखवले तर गुण जातात,” त्या म्हणाल्या. क्लासच्या सरांनी मुलीला शृंगार शिकवला होता. शृंगार म्हणजे काय गं, असं मी तिला विचारलं, तर तिने कुंकवाची बाटली आणून दाखवली.

पूर्वी आयांना गांधर्व महाविद्यालयाच्या कथकच्या परीक्षा पुरत. प्रारंभिक, प्रवेशिका, एक प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर, झालं. त्या परीक्षांना एसएमएसने मत देता येत नसे. ही मोठीच सोय होती.

अमेरिकेत या बाबतीत जास्त प्रामाणिकपणा आहे. तिथे 2011 साली पिट्सबर्गच्या एका डान्स क्लासवर कार्यक्रम सुरू झाला, आणि त्यांनी त्याचं नाव सरळ ‘डान्स मॉम्स’ ठेवलं. मुलींच्या नावाखाली आयांना दाखवण्यापेक्षा आयांच्या नावाने आयांना दाखवा, हा स्वच्छ व्यवहार. मुली खाली नाचतात, आया वर बसून खाली बघतात आणि आपापसांत भांडतात. त्या क्लासच्या बाई, ॲबी ली मिलर, दर आठवड्याला भिंतीवर मुलींच्या फोटोंचा पिरॅमिड लावायच्या आणि फोटोंवरचे कागद एकेक करून काढायच्या. सर्वांत खाली कोण, सर्वांत वर कोण, हे आयांसमोर. पुढे याच बाईंना दिवाळखोरीत पैसे लपवल्याबद्दल 2017 साली एक वर्ष आणि एक दिवसाची कैद झाली. तो वरचा एक दिवस मला फार आवडला. हिशेब असा असावा. त्यांच्याकडची मॅडी झीगलर ही मुलगी मात्र मोठी झाली. 2014 साली सिया या गायिकेच्या ‘शँडेलियर’च्या व्हिडिओत तीच नाचली. शँडेलियर म्हणजे झुंबर. आमच्याकडे झुंबर नाही. पंखा आहे.

डिसेंबरात मी सोसायटीकडे द्यायचा अर्ज लिहिला. ‘विषय : वरच्या मजल्यावरील नृत्यामुळे होणारा त्रास.’ हिने तो वाचला, घडी घातली आणि खारीच्या डब्यात ठेवला. हा डबा साधा नाही. त्यावर ‘कोळीनृत्य, तृतीय क्रमांक’ असं कोरलेलं आहे. हिच्या शाळेचं स्नेहसंमेलन, 1979. लग्नानंतर त्या डब्यात आधी रवा होता, मग खारी आली. त्या दिवसापासून ही चटणी द्यायला म्हणून वर जायची आणि तासाभराने यायची. वाटी मात्र खाली यायची ती भरलेलीच.

ऑडिशन जानेवारीत झाली. मंडळी पहाटे चारला निघाली. सात तास रांग, छातीला पिनने टोचलेला नंबर, आणि आतमध्ये चाळीस सेकंद. ‘खूप गोड आहे, अजून मेहनत कर,’ असं सांगून घरी पाठवलं. माझा व्हिडिओ कोणी पाहिलाच नाही. इतक्या कष्टाने काढलेले अश्रू! मुलगी संध्याकाळी जिन्यात भेटली तेव्हा खुशीत होती. तिला दोन वडापाव मिळाले होते आणि रांगेत एक मैत्रीण.

मग आठ दिवस पंखा नुसता फिरला. मी चहा उघडा प्यायलो. नवव्या दिवशी सहा दहाला पुन्हा थरथर आली, पण हा ताल वेगळा होता. पावलांत अंतर जास्त, दमदार, आणि चूक कुठेच नाही. मी चुना पडायची वाट पाहत बसलो, तेवढ्यात बेल वाजली. दारात मुलगी होती, वही आणि खडू घेऊन.

“आई प्रॅक्टिस करतेय,” ती म्हणाली. “आयांची पण स्पर्धा असते.”

असते, मला माहीत होतं. ‘डीआयडी सुपर मॉम्स’ 2013 सालीच आलं होतं; सगळी कागदपत्रं वाचली होती मी. मुलगी सोफ्यावर बसली आणि कान काढायला घेतले. थोड्या वेळाने वर दुसरी पावलं सुरू झाली. ही जरा अडखळत होती, मधेच थांबत होती, पुन्हा पहिल्यापासून निघत होती. ती पावलं मी ओळखतो. अडतीस वर्षं ती आमच्या स्वयंपाकघरात ऐकतोय. ओट्यावर चटणीची वाटी नव्हती.

मुलीने छताकडे पाहिलं आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

“आजी चुकल्या,” ती म्हणाली.

मी माझ्या कपावर बशी झाकली, आणि तिच्या दुधावर दुसरी.