आबांची व्हीटन लोकल

व्हीटन, शिकागोचं पश्चिम उपनगर
१८ जानेवारी

ती. सौ. आईंना सूनबाईचा सा. न. वि. वि.

आबा खुशाल आहेत. फक्त अपमानित आहेत. इथल्या लोकलच्या मार्गावर पहिलं इंजिन १८४८ च्या ऑक्टोबरात धावलं, असं तुमच्या नातवाने जेवताना सहज सांगितलं आणि आबांचा घास हातातच राहिला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली, हे ते विमानात शेजारच्यालाही सांगून आले होते. आणि इथल्या रुळांनी साडेचार वर्षं आधीच बाजी मारलेली!

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा डबा घेऊन स्टेशनात हजर. फलाटावर मोजून चौदा माणसं, तीही एकमेकांपासून हातभर लांब. आणि गाडी आली डावीकडून. मोटारी उजवीकडून हाकणाऱ्या या देशात मेट्राची, म्हणजे इथल्या लोकलची, ही लाइन डावीकडून चालते. ‘म्हणजे इंग्रज इथंही रूळ टाकून गेला,’ आबा म्हणाले. नातवाने पुन्हा तोंड उघडलं. पूर्वी रूळ एकेरी होता, स्टेशनची इमारत त्याच्या एका अंगाला. दुसरा रूळ पलीकडे पडला, तेव्हा शहरात जाणाऱ्यांना इमारतीच्या उबेत थांबता यावं म्हणून शहराकडची गाडी अलीकडेच ठेवली, असं सांगतात. आबांना मात्र इंग्रजच जास्त पटतो.

गाडी डबल डेकर. वरच्या मजल्यावर एकामागे एक एकेकच खुर्ची, त्यामुळे ‘जरा सरका’ म्हणायचं तरी कुणाला? डब्याचा मधला भाग वरपर्यंत मोकळा असतो. टीसी खालच्या वाटेवरूनच मान वर करून माडीवरच्यांची तिकिटं तपासतो. स्टेशनात ना फाटक, ना तिकीट तपासायचं यंत्र. सगळी भिस्त या टीसीवर. पस्तीस वर्षांच्या ठाणे-व्हीटी प्रवासात भेटले नसतील इतके टीसी आबांना आठवड्यात भेटले. आता ते पास आधीच हातात धरून बसतात, आणि तो न तपासताच पुढे गेला तर हिरमुसतात.

ओक पार्क सुटलं की आबा उठून दारात. शेवटचं ओगिल्व्ही स्टेशन अजून लांब, पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, तरी डबा छातीशी घट्ट. टीसीने काळजीने विचारलं, बरं वाटत नाहीये का? त्याला काय सांगणार!

गर्दीच्या वेळच्या गाड्यांत एक शांत डबाही असतो, २०११ पासूनचा. आबा नेमके त्यातच बसले. भजनी मंडळातला माणूस, मांडीवर ठेका धरला गेलाच. समोरच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. टाळ नेले नव्हते हेच नशीब.

रविवारी ते १८४८ चं पहिलं इंजिन बघायला संग्रहालयात गेलो. क्लार्क रस्त्याची २२ नंबरची बस थांब्यावर आली आणि फुस्स करून दाराच्या अंगाने खाली कलली. टायर बसला असं समजून आबा मागे सरले, तर म्हाताऱ्याकोताऱ्यांना चढता यावं म्हणून इथली बस गुडघा टेकते! आत गेल्यावर त्यांनी भाड्याच्या डब्यात पाचची नोट सरकवली आणि सुट्ट्यांसाठी हात पसरून उभे राहिले. तो डबा उरलेले पैसे देत नाही. कंडक्टरच नाही, तर भांडणार कुणाशी?

संग्रहालयात ‘पायोनियर’ उभं आहे, चणीने लहान. पाटी वाचता वाचता आबांचा चेहरा उजळला. इंजिन जुनं विकत घेतलेलं! ‘आपल्या गाडीला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं होती, डबे १४ आणि माणसं ४००.’ हे त्यांनी पहारेकऱ्यालाही मराठीतून ऐकवलं. घरी येऊन दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

आता तुमचं. गुडघ्यांचं निमित्त काढून तुम्ही ठाण्यातच राहिलात, म्हणून मुद्दाम लिहितेय. कडाक्याच्या थंडीत इथल्या रुळांचे सांधे बर्फाने आखडतात, हलत नाहीत. मग बाजूला गॅसच्या ज्योती पेटवून त्यांना शेक देतात. २०१९ च्या जानेवारीत पारा उणे ३० च्या आसपास गेला, तेव्हा रूळच पेटल्यासारखे फोटो जगभर छापून आले होते. आबांचं म्हणणं, जिथे रुळांच्या सांध्यांची एवढी बडदास्त, तिथे तुमची का नाही होणार?

तरी येताना तुमचं तेल आणाच. गॅस फक्त रुळांना मिळतो.

आपली,
सूनबाई