लॉपिताल लावू का?

बारावी होऊन एफवायच्या वर्गात आलेलं पोर गणिताला घाबरतं, हा गैरसमज आहे. ते घाबरतं गणित सुटल्यावर. उत्तराला चौकट केली की पेन खाली ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसतं. "सर, बरोबर आहे ना?" सोडवणं त्याचं काम, बरोबर आहे का ते ठरवणं माझं, अशी बारा वर्षांची वाटणी आहे.

सोडवण्याचा मंत्र सीईटीच्या क्लासनं दिलेला असतोच. फळ्यावर लिमिट दिसायचा अवकाश, "सर, लॉपिताल लावू का?" एक्स शून्याकडे जाताना साइन एक्स भागिले एक्स? वर कॉस, खाली एक. उत्तर एक, चौकट. साइनचा डेरिव्हेटिव्ह कॉस आला कुठून, असं विचारावं, तर तो याच लिमिटवरून! ज्याच्याकडे उसनी साखर मागायला निघालो, तोच वाटी घेऊन आपल्या दारात. वर्ग हसतो. लॉपिताल मात्र सोडत नाही.

पोरांना तरी कुठल्या तोंडानं बोलणार? खुद्द लॉपितालसाहेबांनी 1694 मध्ये योहान बर्नुलीला वर्षाला 300 लिव्र बांधून दिले, त्याचे शोध आपल्याकडे मागवले आणि 1696 मध्ये स्वतःचं पुस्तक काढलं. नियम मुळात बर्नुलीचाच. पैसे भरा, तयार युक्ती न्या! कोचिंग क्लासचं घराणं तसं जुनं आहे.

म्हणून मी आता सुरुवातीलाच फळ्यावर 2 = 1 सिद्ध करतो. समजा अ = ब. अ² = अब. दोन्हीकडून ब² वजा. अवयव पाडा. (अ − ब) नं भागा. अ + ब = ब. म्हणजे 2ब = ब, म्हणजे 2 = 1. इतिसिद्धम्! निम्मा वर्ग निमूटपणे उतरवून घेतो. एकानं तर खाली दोन रेघा मारून 'आयएमपी' लिहिलं.

मग शेवटच्या बाकावरून हात अर्धाच वर येतो. "सर, मराठीत विचारलं तर चालेल?"

"विचार की."

"अ आणि ब सारखेच ना? मग अ वजा ब शून्य झालं. शून्यानं भागलं तुम्ही."

सरांना पकडलं! या आनंदापुढे सीईटीचे पर्सेंटाइल पाणी भरतात. त्या दिवसापासून पोरगी पहिल्या बाकावर, आणि वर्ग माझ्या प्रत्येक ओळीवर पाळत ठेवून. फळा पुसायच्या आधी परवानगी काढावी लागते.

परवा हजेरीला मी सहज म्हणालो, "आज सगळे आलेले दिसतात."

"नाही सर," मागून आवाज आला, "एक प्रतिउदाहरण कँटीनमध्ये वडापाव खातंय."