बिनचाकी नागरिकाचं पत्र

प्रति,
आमच्या गावातून रस्ता आखणारे साहेब

(नाव, हुद्दा आणि कार्यालय मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांना टोचेल त्यांनी पत्र आपलंच समजावं.)

विषय : रस्ता चांगला झाल्याबद्दल तक्रार.

साहेब,

आधी अभिनंदन. आमच्या घरासमोरचा तुकडा झकास झालाय. काँक्रीट टणक, कडा सरळ, मधली पांढरी रेघ तर बघत राहावी अशी. पूर्वी खड्डा आला की ट्रक आपोआप हळू व्हायचा आणि तेवढ्यात आम्ही पलीकडे सटकायचो. ती सोय तुम्ही काढून घेतलीत. पण विकास म्हटला की त्याग आलाच. मोठ्या धरणांसाठी लोकांनी गावं दिली, आम्ही फक्त रस्ता ओलांडणं दिलं. स्वस्तात सुटलो म्हणायचं.

हे पत्र तुम्हाला माझ्या पेद्दम्मामुळे जातंय. पेद्दम्मा म्हणजे आईची थोरली बहीण. सिरोंचात अशा कितीतरी घरांत नाती तेलुगूत आणि अर्ज मराठीत असतात. बाई सत्तरी ओलांडलेली. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1500 रुपये अडकले होते, केवायसी करून घ्या असा निरोप होता. बँक हाकेच्या अंतरावर, फक्त रस्त्याच्या पलीकडे. छत्री घेऊन निघाली, कडेला उभी राहिली, आणि मागून हॉर्न वाजला. दचकून बाजूला सरकली. तुमच्या नकाशात त्या जागी साइडपट्टी असणार. जमिनीवर तिथं फूटभर घसरण आहे, कारण नवा थर जुन्यावर चढला आणि कडेचा मुरूम पुढच्या टप्प्यात गेला. घसरणीच्या खाली उघडी नाली. उजवं मनगट मोडलं.

आता केवायसीच्या यंत्रावर ठेवायचा हात गळ्यात बांधलेला आहे. डाव्या हाताचे ठसे उभ्या आयुष्याच्या शेतमजुरीनं पुसून गेलेत, ते यंत्राला पटत नाहीत. म्हणजे पैसे मिळवायला रस्ता ओलांडायचा होता, आणि रस्त्यानं पैसे मिळवायचा हातच ठेवून घेतला.

तरीही हाडापायी मी पत्र लिहायला बसलो नसतो. हाडं जुळतात. पुढं एका कार्यालयात तिला घेऊन गेलो तेव्हा खिडकीमागच्या गृहस्थांनी प्लास्टर बघितलं, मनापासून हळहळले, आणि म्हणाले, "पण आजी, पायी कशाला निघालात?"

साहेब, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. समोर दिसणाऱ्या बँकेत माणसानं दुसरं कशानं जावं? आमच्याकडे रेल्वे नाही, ती असती तरी बँकेसमोर थांबली नसती. मग वाटलं, या प्रश्नामागे काहीतरी शास्त्र असणार. म्हणून तुमची पुस्तकं शोधून वाचली.

शास्त्र सापडलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या आयआरसी 64 मध्ये एक कोष्टक आहे. रस्त्यावर नाना तऱ्हेची वाहनं धावतात, त्यांची बेरीज एका मापात करायची म्हणून 'पॅसेंजर कार युनिट', तुमच्या बोलीत पीसीयू. मोटार म्हणजे 1. स्कूटर 0.5. ट्रक किंवा बस 3. सायकल 0.5. हातगाडी 3. घोडागाडी 4. बैलगाडी तब्बल 8. मी बोट ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. चालणारा माणूस नाही. त्याला शून्यही दिलेलं नाही. शून्य मांडायला रकाना लागतो.

तुम्ही म्हणाल, अहो, पादचारी डांबरावर नसतोच, तो फुटपाथवर असतो, म्हणून वाहनांच्या गणतीत त्याचं काय काम? मान्य. बिनतोड तर्क आहे. आता तेवढा तो फुटपाथ दाखवा.

तोवर आम्ही घरात निर्णय घेतलाय. पेद्दम्मा पुढच्या वेळी हातगाडी ढकलत बँकेत जाईल. गाडीत काही नसेल, पण ती तीन मोटारींएवढी भरेल आणि तुमच्या गणतीवाल्या पोराला तिची नोंद करावीच लागेल. शेजारच्या आजोबांना गुडघ्यांमुळे ढकलणं जमत नाही, त्यांच्यासाठी बैलगाडी बघतोय. ते एकटे आठ मोटारींचे होतील. आठवडी बाजाराच्या दिवशी साऱ्या गावानं बैलगाड्या काढल्या, तर कागदोपत्री सिरोंचाची वाहतूक मुंबईला मागे टाकेल आणि तुम्हाला आठपदरी रस्ता मंजूर करावा लागेल. तो ओलांडायचा कसा, ते पुढच्या पत्रात विचारू.

गंमत अशी की तुमच्याच मंडळानं 2012 मध्ये आयआरसी 103 नावाची पुस्तिका सुधारून नव्यानं काढली, खास पादचाऱ्यांसाठी. फुटपाथची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील. कडा 150 मिलिमीटरपेक्षा उंच नको, म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा पाय चढेल. वाचताना गहिवरून आलं. कुणीतरी कुठंतरी पेद्दम्माच्या गुडघ्याचा हिशेब मिलिमीटरमध्ये केला होता! सर्वोच्च न्यायालयानं तर 14 मे 2025 ला सांगून टाकलं की पादचाऱ्यांचा फुटपाथवरचा हक्क हा संविधानाच्या 21 व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे पेद्दम्मा संविधानात आहे, पुस्तिकेत आहे. फक्त अंदाजपत्रकात नाही.

आता जरा आमच्या गावाची ओळख करून देतो, कारण तुमच्या नकाशात ते दोन महामार्ग भेटतात तो ठिपका आहे. निजामाबादहून जगदलपूरला जाणारा 63 आणि साकोलीहून गडचिरोली, आलापल्ली करत येणारा 353-सी. 1860 च्या दशकात हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्यालय होतं. आता जिल्ह्याचं ठिकाण, गडचिरोली, 200 किलोमीटरहून लांब आहे. तीन बाजूंना नद्या: प्राणहिता, गोदावरी, इंद्रावती. पिढ्यान् पिढ्या नावेतून पलीकडे गेलो. मग पूल आले, कालेश्वरमचा 2016 मध्ये. त्यासाठी कुणालाही नावं ठेवणार नाही. पुलांमुळे बाळंतिणी आणि साप चावलेले लोक वेळेत चेन्नूर, मंचेरियाल गाठू लागले, पुलांनी माणसं वाचवलीत. पण पूल झाल्यावर शेवटचं गाव मधलं गाव झालं. तीन राज्यांचे ट्रक आमच्या दारावरून जाऊ लागले आणि त्यांच्यासाठी दार मागे सरकलं. लांब जायची सोय झाली, समोर जायची गेली. तेलंगणात जाऊन भाजी आणणं आता सोपं आहे. समोरच्या दुकानातून कोथिंबीर आणायला मात्र जीव मुठीत धरावा लागतो.

आणि मुली. साहेब, इथं माझा आवाज जरा चढेल.

राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची फार चांगली योजना आहे. आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. त्याहून लांबच्या मुलींसाठी निळ्या बस. आमच्या जिल्ह्यात अनेक घरांत मुलीच्या मालकीची पहिली वस्तू तीच सायकल असते. एका खात्यानं मुलीला सायकल दिली. दुसऱ्या खात्यानं ती चालवायची जागा ट्रकच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर ठेवली. सकाळी शाळेच्या वेळी या पोरी एकामागून एक, कडेच्या घसरणीला चिकटून जातात. हॉर्न वाजला की एक पाय खाली टेकवतात, आणि खाली जमीन नसते. मग बाप म्हणतो, राहू दे, मी गाडीवर सोडतो. बाप मजुरीला गेला की शाळा बुडते. सायकल पडवीत उभी, तिच्यावर ओले कपडे वाळतात. कागदावर लाभार्थी पूर्ण.

तुमच्या कोष्टकात सायकल 0.5 आहे, म्हणजे निदान ती मोजली तरी जाते. मोजून काय केलंत?

बाकी किरकोळ. नालीवर कुठं झाकण आहे, कुठं नाही, आणि जिथं आहे तिथं ते रस्त्यापेक्षा उंच आहे. दुभाजकाला माणूस जाईल एवढी फट नाही, ती लोकांनी स्वतः पाडली. जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आणि मे महिन्याच्या उन्हात रस्त्यावर चार माणसांना पुरेल एवढी सावली नाही. दिवे रस्त्याच्या मध्यावर पडतात, जिथं आम्ही चालत नाही. आमच्या तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे, कोट्याच्या खडकांत ज्युरासिक काळातले मासे आणि प्राणी सापडलेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथून डायनोसॉर चालत जायचे. त्यांना कुणी हॉर्न मारल्याचा पुरावा अजून सापडलेला नाही.

पण थट्टा पुरे. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांतली 32,825 पायी चालणारी होती. म्हणजे कोष्टकात नसलेली माणसं मरणाच्या यादीत बरोबर मोजली जातात, तिथं त्यांच्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. तुम्ही या सगळ्याला अपघात म्हणता. चालणाऱ्याला जागा द्यायची नाही, वाहनाचा वेग वाढवायचा, कडेला फूटभर घसरण सोडायची, आणि मग जे होणारच होतं त्याला अपघात म्हणायचं? असले शब्द आम्हाला परवडत नाहीत, साहेब. आमच्या घरात ते प्लास्टर होऊन येतात.

एवढं लिहून झाल्यावर तुम्ही मला दिसलात. खरंच दिसलात, म्हणजे तुमच्यासारखे एक. संध्याकाळी, हातात डबा, खानावळीकडे जायला रस्त्याच्या कडेला उभे. गाडी बहुधा ड्रायव्हर घेऊन गेला असावा. ट्रक गेला, मग दुसरा. दोनदा पाऊल टाकलंत आणि मागे घेतलंत. मग डबा छातीशी धरून पळालात, आम्ही सगळे पळतो तसेच.

मला राग यायला हवा होता. आला नाही. सिरोंचाची बदली म्हटलं की घरचे कसे गप्प होतात, ते मला ठाऊक आहे. बायको-मुलं नागपूरला, इथं भाड्याची खोली, उन्हाळ्यात पत्रा तापलेला. तक्त्याचा नमुना वरून आलेला, त्यात चालणाऱ्याचा रकाना नाही. तुम्ही तो काढला नव्हता. खात्यात नवे असताना एखाद्या दिवशी विचारलंही असेल, 'सर, लोक चालणार कुठून?' आणि कुणीतरी हसून म्हणालं असेल, आधी पदभार घ्या. जिथं तुम्ही स्वतः रोज संध्याकाळी बिनचाकी होता, तिथं तुमचीही मोजणी झालेली नाही.

म्हणून मागण्या थोडक्यात आणि तुमच्या अधिकारात बसतील अशा.

एक, साइडपट्टी भरा. मुरूम तालुक्यात मिळतो, त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. दोन, शाळा, बँक, दवाखाना आणि बसस्थानकासमोर उंच पट्ट्यांची ओलांडणी करा, जिथं ट्रकला खरोखर थांबावं लागेल. नुसते पांढरे पट्टे नकोत, ते ट्रकवाल्यांना शोभेचे वाटतात. तीन, नाली झाका आणि तिचं झाकण रस्त्याच्या पातळीत आणा. तेवढ्यानंच आमचा फुटपाथ होईल. झाकलेल्या नालीवर चालायला आम्हाला कमीपणा वाटत नाही. चार, पुढच्या वाहतूक गणतीला एक रकाना जास्त काढा. 2011 च्या जनगणनेनं शेती आणि घरगुती उद्योगाबाहेरच्या कामगारांना कामावर कसे जाता असं विचारलं होतं. शंभरातले 22-23 पायी आणि 13 सायकलवर जात होते. म्हणजे सरकारला चालणारी माणसं मोजता येतात. तुम्हीही एका आठवडी बाजाराला पोराला उभं करा. रकान्याचं नाव काहीही द्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
0.0 पीसीयू
सिरोंचा

ता. क. : 2027 मध्ये गोदावरी पुष्कर (नदीस्नानाचा मेळा) येतंय. 2022 च्या एप्रिलमध्ये प्राणहिता पुष्कर झालं तेव्हा बारा दिवस गाव पायी येणाऱ्यांनी भरलं होतं, आणि अशा वेळी चालणाऱ्याची सोय करायची असते हे सगळ्या खात्यांना आठवतं. तेव्हा यंदाचं अंदाजपत्रक पुष्करच्या नावावर टाका. ओलांडणी, झाकण, सावली, सगळं त्यात बसवा. बँकेत जाणारी पेद्दम्मा आणि सायकलवरच्या मुली कागदावर भाविक म्हणून दाखवल्यात तरी आमची हरकत नाही. फक्त बारा दिवसांनी काही उखडून नेऊ नका.