तारे वाटणाऱ्या संघमालकास खुले पत्र

शेठ,

तुमचा संघ, तुमचे पैसे, तुमची हौस. गुलाल उधळत मैदानात शिरण्याचा तुमचा हक्क मला मान्य आहे. माझी तक्रार गावच्या क्रिकेट स्पर्धेच्या खेळाडू-लिलावाच्या आदल्या रात्री तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेल्या यादीबद्दल आहे. त्या यादीत साठेक पोरांची नावे होती आणि प्रत्येक नावापुढे तारे होते, एकापासून पाचापर्यंत. पाच तारेवाल्यांवर बोली आधी लागली. एक तारेवाल्यांची पाळी येईपर्यंत मालकांचे पैसे संपले होते आणि ती पोरे 'अनसोल्ड' म्हणून घरी गेली. तारे कुठून आणले असे विचारले, तेव्हा तुम्ही मोबाइल पुढे केलात. त्यातल्या खेळात प्रत्येक खेळाडूला रेटिंग असते, तसेच आपणही दिले, म्हणालात. देणारे तुम्ही, तुमचा मेव्हणा आणि त्याचा एक मित्र. कशावरून दिले? "आमी बघलंव मा तेका."

एका बैठकीत तिघांनी साठ पोरांचा निकाल लावला. अकलेचे तारे तोडणे म्हणतात ते हेच, शेठ. तुम्ही ते तोडलेत आणि वर वाटलेतही.

भातकापणी उरकली की मळ्यांत खेळपट्ट्या होतात. तिथपासून पावसाच्या तोंडापर्यंत मी स्कोअररच्या टेबलावर असतो. कट्टा, चौके, आचरा, देवबाग, मालवणचे बोर्डिंग मैदान, जिथून बोलावणे येईल तिथे. चेंडू अन् चेंडू लिहितो. तुम्ही ज्याला एक तारा दिलात तो पोरगा रापण ओढून, अंगावरची वाळू झटकत मैदानात येतो. बुटका आहे, धावत येण्याची ढब ओबडधोबड आहे, विकेट काढल्यावर नाचत नाही. पण शेवटचे षटक टाकायची वेळ आली की कर्णधार त्याच्याकडे चेंडू देतो आणि त्याच्या षटकाला धावा जात नाहीत. हे सगळे वहीत आहे. वही टेबलावर होती, तुम्ही चार हातांवर बसला होता. उघडून बघावी असे तुम्हाला वाटले नाही.

तुमच्या डोळ्यांना हा पोरगा का दिसला नाही, याचे साधे गणित आहे. समजा, एक गोलंदाज षटकाला सात धावा देतो आणि दुसरा साडेआठ. आपल्याकडच्या छोट्या सामन्यात दोघांनाही दोनच षटके मिळतात. फरक तीन धावांचा. तीन धावा बांधावर उभे राहून कुणालाही दिसत नाहीत. दिसते ती एखादी उडवलेली दांडी आणि त्यानंतरची आरोळी. पण वीस सामन्यांत त्याच तीन धावांच्या साठ होतात, आणि साठ धावांत किती सामने फिरतात हे चषक हरलेल्या मालकाला मी सांगायला नको. एवढी बेरीज डोळा करू शकत नाही, ती कागदावरच होते.

तुमच्या मोबाइलमधल्या खेळाशी माझे भांडण नाही. असले खेळ तुम्ही नीट समजून घेतले असते तर ही यादी निघालीच नसती. अमेरिकेत बेसबॉलचे पारखी, ज्यांना तिकडे स्काउट म्हणतात, तरुण खेळाडूला २० ते ८० या पट्टीवर गुण देतात. ५० म्हणजे वरच्या लीगमधला सरासरी खेळाडू. 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' या संगणकी खेळातही ही पट्टी आहे, आणि तो खेळणाऱ्यांत वाद चालतो की उमेदवार निवडताना त्याचे गुण बघावेत की खालच्या लीगमधली त्याची आकडेवारी. संगणकात गुणांची बाजू भक्कम आहे, कारण तिथला खेळाडू मुळात गुणांचाच बनलेला असतो. चेंडू टाकला की यंत्र आतला आकडा बघते, त्यावर फासा टाकते आणि धावफलक त्यातून तयार होतो. तरीही तो खेळ करणाऱ्यांनी काय सोय ठेवली आहे ते बघा. तिथे खरा आकडा झाकून ठेवता येतो आणि फक्त स्काउटचा, चुकू शकणारा अंदाज दिसतो. गुण पूर्ण बंद करून नुसत्या आकडेवारीवर संघ चालवता येतो. संगणकाने चालवायच्या संघांनी गुणांना किती वजन द्यावे आणि यंदाच्या, गेल्या वर्षीच्या, त्याआधीच्या कामगिरीला किती, तेही ठरवता येते.

म्हणजे जिथे खेळाडूच्या पोटात खरोखर आकडा असतो, तिथेही नुसत्या गुणांवर विसंबायचे की नाही हा प्रश्न उघडा ठेवला आहे. आपल्या पोरांच्या पोटात कुठलाही आकडा नाही. त्यांच्या नावापुढचे तारे हे तुमचे मत आहे. त्यांनी केलेले काम वहीत आहे.

मत कामावर कसे स्वार होते ते पूर्ण देशाने सरफराझ खानच्या बाबतीत बघितले. २०१९-२० च्या रणजी हंगामात त्याने ९२८ धावा केल्या. पुढच्या वर्षी करोनामुळे रणजी झालीच नाही. २०२१-२२ मध्ये त्याने ९८२ धावा केल्या. तरीही जानेवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटींसाठी संघ जाहीर झाला तेव्हा त्याचे नाव नव्हते, आणि चर्चा होत राहिली ती त्याच्या वजनाची. सडपातळ मुलेच हवी असतील तर फॅशन शोला जा, अशा अर्थाचे सुनील गावसकर तेव्हा उघडपणे बोलले. सरफराझला कसोटीची टोपी मिळाली फेब्रुवारी २०२४ मध्ये, राजकोटला. इंग्लंडविरुद्धच्या त्या सामन्यात त्याने ६२ आणि नाबाद ६८ धावा केल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात बंगळूरला न्यूझीलंडविरुद्ध १५०. टोपी मिळेपर्यंत धावांचा ढीग घालून तो दाराशी उभा होता. तुमच्या यादीत त्याला किती तारे मिळाले असते, शेठ? पोटाकडे बघून दोन?

आणि मुंबईचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९, कसोटी एकही नाही. त्यांच्या काळात डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदींकडे होती, म्हणून त्यांच्या बाबतीत मी निवड समितीवर सरसकट दोष ठेवत नाही. पण १९७२-७३ चा रणजीचा अंतिम सामना बघा. चेन्नईत तामिळनाडूविरुद्ध त्यांनी एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले. ती गोलंदाजी बघितलेली माणसे आता किती उरली? कुणीतरी चेंडू लिहून ठेवले म्हणून २०२५ मध्ये शिवलकर गेले तेव्हा तिशीतल्या वाचकालाही कळले की कोण गेले. रापण ओढून येणाऱ्या आपल्या त्या पोराला तुम्ही एवढीही नोंद मिळू देणार नाही का?

तुम्ही म्हणाल, जाणकाराची नजर असतेच की. असते. क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर आपल्या मालवणात जन्मले. ते स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. तुमच्या पद्धतीने त्यांच्या नावापुढे एक तारा लागला असता. त्यांच्याइतकी नजर मुंबईत फार कमी जणांना होती, पण ती एका दिवसाच्या दर्शनावर थांबली नाही. सचिन तेंडुलकर पहिल्यांदा त्यांच्यासमोर बिचकत खेळला, तेव्हा भाऊ अजितने विनंती केली की सर, थोडे लांबून बघा. सरांनी लांबून बघितले आणि मत बदलले. पुढे त्या मुलाला स्कूटरवर बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर खेळायला नेत. डावामागून डाव, सामन्यामागून सामना. मालवणच्या माणसाने पोरे पारखली ती अशी.

वहीतही घोळ असतात, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. एका बाजूला सीमारेषा हाताच्या अंतरावर असलेल्या मळ्यातला षटकार आणि बोर्डिंग मैदानावरचा षटकार एका मोलाचे नाहीत. दोन-तीन डावांवरून कुणाची सरासरी काढणे हा शुद्ध खुळेपणा आहे. म्हणून जास्त सामने बघायचे, मैदान कुठले, समोर कोण होते हे बघायचे आणि मग बोलायचे. आकड्यात खोट असते म्हणून आकडाच फेकून द्यायचा आणि मेव्हण्याला विचारायचे, हा उपाय नव्हे.

आता टेनिस चेंडूचे क्रिकेट नुसती मळ्यातली करमणूक राहिलेले नाही. २०२४ मध्ये ठाण्यात या चेंडूची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग (आयएसपीएल) सुरू झाली. आपल्या किनाऱ्यावरच्या पोरांना या चेंडूवर पैसे आणि नाव मिळवता येते. अशा वेळी गावच्या लिलावात 'अनसोल्ड' राहणे म्हणजे हंगामभर सामनेच न मिळणे. सामने नाहीत तर धावा नाहीत, बळी नाहीत, आणि पुढच्या वर्षी तुम्ही म्हणणार, बघा, एकच तारा बरोबर होता. तुमचे मत खरे ठरते ते तुम्हीच त्या पोराला खेळू दिले नाही म्हणून.

पुढच्या लिलावाची यादी करताना ताऱ्यांचा रकाना खोडा. त्या जागी सामने, षटके, दिलेल्या धावा, बळी, खेळलेले चेंडू आणि केलेल्या धावा लिहा, आणि ती यादी सगळ्या मालकांना एकाच वेळी द्या. माझ्या सगळ्या वह्या तुमच्यासाठी उघड्या आहेत. या, आणि बोली लावण्याआधी वाचा.

आपला,
टेबलावरचा एक स्कोअरर